हंड्याचा हिशेब आणि मोरीचे पाणी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून आज घरातल्या पाण्यावर बोलायचे ठरवले, तेव्हा काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आंदोलनाच्या बैठकीत मोरीचा आणि हंड्याचा विषय कशाला, असे त्यांना वाटले. आमच्या मते हा विषय भावाचाच आहे. ज्वारीचा उत्पादन खर्च काढताना आपण बियाणे धरतो, नांगरट, पाळ्या, पेरणी, कोळपणी, काढणी, मळणी धरतो. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरा, हे सांगता सांगता आपला घसा कोरडा पडला. पण त्याच ज्वारीच्या भाकरीसाठी पीठ मळायला जे पाणी लागते, ते आणणाऱ्या बाईच्या खेपा कोणत्याच खर्चात येत नाहीत. कृषिमूल्य आयोगाच्या कागदावर त्या नाहीत आणि आपल्या वहीतही नाहीत. तेवढा हिशेब आज मांडायचा आहे.

टंचाईच्या काळात सरकारी टँकरचे माप माणशी रोज २० लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप माणशी ५५ लिटर. आपण लहान माप धरू. घरात पाच माणसे, म्हणजे रोज १०० लिटर. जनावरांचे वेगळे, ते यात नाही. भरलेल्या हंड्यात १५ लिटर पाणी बसते असे धरले, तर सात खेपा झाल्या. पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलो, म्हणजे प्रत्येक खेपेला डोक्यावर १५ किलो आणि हंड्याचे वजन वर. हापसा किंवा विहीर अर्धा किलोमीटर लांब असली, तर एका खेपेचे जाऊन येऊन एक किलोमीटर. दिवसाला सात किलोमीटर. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत चार महिने धरा, १२० दिवस. ८४० किलोमीटर झाले. नगरहून पंढरपूरला दोनदा पायी जाऊन दोनदा पायी परत यावे, इतकी ही चाल आहे. त्यातली निम्मी डोक्यावर ओझे घेऊन. या वारीला दिंडी नाही, पताका नाही, विसावा नाही.

आता वेळ धरा. एका खेपेला वीस मिनिटे, रांगेत उभे राहणे सोडून. सात खेपांना दोन तास वीस मिनिटे. १२० दिवसांचे २८० तास, म्हणजे आठ तासांचे ३५ दिवस. खुरपणीचा रोज ३०० रुपये धरला तर साडेदहा हजार रुपये झाले. एका घरातून, एका उन्हाळ्यात, साडेदहा हजारांची मजुरी कुणालाही न दिसता पाण्यासाठी जाते. तुमच्या गावात हापसा जवळ असेल तर आकडा कमी होईल, लांब असेल तर वाढेल. रोजही ठिकाणाप्रमाणे बदलेल. आपापले आकडे घालून आपापला हिशेब करा, पण करा.

दोन हिशेब वेगळे ठेवा

इथे एक गोष्ट आधी साफ करायला हवी. दर उन्हाळ्यात कुणीतरी साहेब येतो, शाळेच्या भिंतीवर पाणी वाचवण्याचा फलक रंगवतो आणि आपल्याला काटकसर शिकवतो. ज्याच्या बंगल्यात वरच्या टाकीतून चोवीस तास पाणी पडते, तो पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरच्या बाईला सांगतो की पाणी जपून वापरा. ज्या शेतकऱ्याने खरिपात रान तापवून, पाळ्या घालून, पाऊस मुरवून, त्याच ओलीवर एकही पाणी न देता मालदांडी उभी केली, त्याला काटकसर शिकवायची! ज्वारीला भेगा पडू लागल्या की आपण दातेरी कोळपे घालून भेगा बुजवतो. हे पाणी वाचवणेच आहे, आणि ते आपल्या बापजाद्यांना कुठल्या फलकावरून वाचावे लागले नाही.

साहेबाच्या उपदेशात लबाडी आहे ती अशी. एका एकराला पाच सेंटिमीटरचे एक पाणी द्यायचे म्हटले तर साधारण दोन लाख लिटर पाणी लागते. रोज १०० लिटर वापरणारे आपले पाच माणसांचे घर ते दोन लाख लिटर साडेपाच वर्षे पुरवते. एका एकराचे एक पाणी आणि एका घराची साडेपाच वर्षे! तेव्हा गावचा पाणीसाठा बाईच्या मोरीतून वाहून गेला, असे कुणी म्हणाले तर त्याला हा आकडा दाखवा. भूजल खाली गेले त्याला कारण बोअर आहेत, धोरण आहे आणि भाव आहे. कालव्याखालचा शेतकरी उसाकडे का वळतो? उसाला कारखाना आहे आणि कायद्याने ठरलेला दर आहे. ज्वारीला यातले काय आहे? आम्ही उसवाल्या भावाला शिव्या देणार नाही. ज्वारीला आणि कडधान्याला भाव मिळाला तर पाण्याची वाटणी निम्मी आपोआप सुधारेल, असे आमचे मत आहे. पण तो आजचा विषय नाही.

गावाच्या पातळीवर पाण्याचा हिशेब कसा ठेवावा, हे आपल्याच जिल्ह्यात बघायला मिळते. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणी अडवण्याचे काम उभे राहिले. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली चर, बांध, झाडे ही कामे तर झालीच, पण आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिथला पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचे, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल ते आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही आणि ऊस, केळी लावायची नाही, हेही गावाने ठरवले. ४०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव आहे. हा ताळेबंद गावकऱ्यांनी स्वतः मांडला, वरून कुणी हुकूम सोडला नाही, म्हणून तो टिकला.

मग घरात पाणी वाचवायचे कशासाठी? घरातल्या बचतीने दुष्काळ हटत नाही, भूजल वर येत नाही, हे मान्य करून टाका. त्या बचतीने दोन गोष्टी होतात. हंड्याच्या खेपा कमी होतात, आणि परसात थोडाफार भाजीपाला व दोन-चार झाडे जगतात. सातातल्या दोन खेपा वाचल्या तरी रोजची ४० मिनिटे सुटली. उन्हाळ्याच्या १२० दिवसांत ८० तास, म्हणजे दहा रोज. एवढ्यासाठी करायचे. सरकारने केले नाही ते काम आपल्या अंगावर ओढून घ्यायला नव्हे.

हौद झाका, शिळे पाणी ओतू नका

आता घरात शिरू. सगळ्यात मोठी चोरी कोण करते ते आधी सांगतो. ऊन करते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर घटते. गोठ्यापुढचा हौद दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असला, तर तीन चौरस मीटर तोंड झाले. त्यावरून रोज ३० लिटर पाणी उडून जाते. दोन हंडे! कुणी प्याले नाही, कुणी धुतले नाही, नुसते आभाळात गेले. त्या हौदावर तुराट्यांचा तट्ट्या करून टाका. बाभळीचे दोन वासे आडवे टाकून त्यावर पाचट पसरले तरी चालते. गुरांना तोंड घालायला एका कडेला हातभर जागा मोकळी ठेवा. आणि हौद नव्याने बांधायचा असेल तर उथळ आणि पसरट बांधू नका. तोंड लहान, खोली जास्त आणि जागा सावलीची. गवंडी आपल्या सवयीने बांधतो, त्याला आधी सांगावे लागते. एवढे एक काम या आठवड्यात केले तरी हे भाषण फुकट गेले नाही असे आम्ही समजू.

दुसरी गोष्ट शिळ्या पाण्याची. ही आपल्या घराघरात आहे. चार दिवसांनी नळ येतो, टँकर येतो, की आधी भरून ठेवलेले पाणी शिळे झाले म्हणून ओतून द्यायचे आणि भांडी ताज्या पाण्याने भरायची. भाकरी शिळी होते, कालवण शिळे होते. झाकून ठेवलेले पाणी शिळे कसे होईल? ते धरणात महिनोन्महिने होते, तेव्हा नाही झाले शिळे, आणि आपल्या रांजणात चार दिवसांत झाले? प्यायच्या पाण्याचे भांडे घासून भरावे, हे बरोबर आहे. पण त्यातले उरलेले पाणी दुसऱ्या भांड्यात काढा. ते आंघोळीला चालते, कपड्यांना चालते, गुरांना चालते. पाणी झाकून ठेवा आणि काढायला दांड्याचे ओगराळे ठेवा. हात बुडवून तांब्या भरला की पाणी खराब होते, आणि मग ते ओतणे भाग पडते.

पाहुण्याला पाणी देताना पूर्वी तांब्या-भांडे समोर ठेवत. ज्याला जेवढे हवे तेवढे तो ओतून घेई. आता स्टीलचे भरलेले पेले ट्रेमधून येतात, पाहुणा दोन घोट घेतो आणि उरलेले मोरीत जाते. जुनी रीत मानाचीही होती आणि शहाणपणाचीही. ती परत आणायला काही खर्च नाही.

भांडी वाहत्या नळाखाली घासू नका. तीन पाट्या किंवा घमेली घ्या. पहिल्यात खरकटे काढायचे, दुसऱ्यात घासलेली भांडी बुडवायची, तिसऱ्यात शेवटचे विसळायचे. पहिले पाणी मळके झाले की ते टाकायचे, मग दुसरे पहिल्याच्या जागी आणि तिसरे दुसऱ्याच्या जागी. ताजे पाणी फक्त तिसऱ्यात पडते. कपड्यांचेही असेच. शेवटच्या खळबळण्याचे पाणी पुढच्या पिळ्याच्या भिजवणीला ठेवायचे, नाहीतर त्यानेच ओटा आणि अंगण धुवायचे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी आंबोणात जाऊ द्या, गुरे आवडीने पितात. सडा घालायला ताजे पाणी कशाला? काल भाजी धुतलेले चालते.

नळ असेल तर तोटी बघा. कित्येक गावांत नळाला तोटीच नसते, पाणी सुटले की उघड्या पाइपातून गटारात. टिपकणारी तोटी दिसायला किरकोळ वाटते. तिच्याखाली रात्री एक तांब्या ठेवा आणि सकाळी बघा किती भरला, म्हणजे कुणी सांगायला नको. वायसर बदलायला चहाच्या कपाइतका खर्च येतो.

पत्र्यावरचे पाणी

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी आपली म्हण आहे. खरी आहे. पण वळचणीचे पाणी टिपाडात तर जाते! हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तीनशे चौरस फूट पत्रा म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. वर्षात ४०० मिलीमीटर पाऊस झाला तर त्यावर ११,२०० लिटर पडले. उडणे, गळणे, सांडणे यासाठी पाचवा हिस्सा सोडला तरी नऊ हजार लिटर हाती येते. आपल्या मापाचे सहाशे हंडे. ते सध्या वळचणीखाली खड्डे पाडतात आणि भिंतीच्या पायात शिरतात.

सगळे साठवता येईल असे आम्ही म्हणत नाही. नऊ हजार लिटरची टाकी बांधायला पैसा लागतो, तो असता तर आपण या बैठकीत कशाला बसलो असतो! पण पत्र्याच्या कडेला पन्हाळ लावा. अर्धा चिरलेला पाइप चालतो, वाकवलेला पत्रा चालतो. तिच्या तोंडाशी दोनशे लिटरचे टिपाड ठेवा. दहा मिलीमीटरच्या एका सरीत ते भरून वाहील. पावसाळ्यात चिखल तुडवत आणायच्या खेपा तरी वाचतील. मृगाचा पहिला पाऊस धरू नका, त्याने पत्र्यावरची धूळ, पाखरांची घाण धुऊन जाऊ द्या. टिपाडाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे दुहेरी फडके बांधा, म्हणजे कचराही जाणार नाही आणि डासही अंडी घालणार नाहीत. हे पाणी धुण्या-भांड्यांना, आंघोळीला, गुरांना वापरा. प्यायचे असेल तर गाळून, उकळूनच. टिपाड औषधाचे असेल तर ते कितीही धुतले तरी घ्यायचे नाही. कपाशीच्या फवारणीच्या औषधांचे डबे-ड्रम घराघरात पाण्याला वापरलेले दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

धाब्याची घरे ज्यांची अजून उभी आहेत त्यांना पन्हाळ नव्याने लावावी लागत नाही, ती आहेच. तिचे पाणी मातकट येते. ते प्यायला नको, परसाला द्या.

मोरीचे पाणी

आता परसाकडे येऊ. शरद जोशींनी १९९१ साली शेगावला चतुरंग शेतीचा विचार मांडला, तो जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. त्यात सीताशेती होती. घरच्या लक्ष्मीच्या हातात जमिनीचा लहानसा तुकडा, बाजारातून काही विकत न आणता त्यावर तिने आपल्या बुद्धीने केलेले प्रयोग. लक्ष्मीमुक्तीत हजारो घरांनी जमिनीचा तुकडा बाईच्या नावे केला. ज्यांच्याकडे तेवढी जमीन सुटत नाही त्यांच्याकडेही मोरीमागची दहा बाय दहा फूट जागा असते. आज तिथे काय असते? चिखल, डास आणि लोळणारी डुकरे.

पाच माणसांच्या घरातून अगदी टंचाईतही चाळीस-पन्नास लिटर पाणी मोरीतून बाहेर पडते. त्यावर काय होते आणि काय होत नाही, हे नीट समजून घ्या, नाहीतर हौसेने लावायचे आणि वैशाखात वाळलेले बघायचे. कडक उन्हाळ्यात एवढ्या पाण्यावर सहा-सात चौरस मीटरच हिरवे राहते. म्हणजे एक शेवगा, एक पपई, एक लिंबू, मोरीच्या तोंडाशी केळीचे दोन खुंट आणि खाली अळू. पालक-मेथीचे वाफे त्यावर निघणार नाहीत. हिवरे बाजारात केळीला मनाई आहे ती विहिरीच्या पाण्यावर लावलेल्या बागेला. मोरीच्या पाण्यावरचे दोन खुंट कुणाचे पाणी खात नाहीत, उलट ओल पिऊन जागा कोरडी ठेवतात. पहिल्या प्रथम शेवगा लावा, असा आमचा आग्रह आहे. एकदा मूळ खाली गेले की तो फार पाणी मागत नाही, पाला आणि शेंग दोन्ही खायला होते. लिंबाला आपल्या श्रीगोंदा-कर्जतची माती मानवते हे तर बाजाराला ठाऊक आहे.

मोरीचे पाणी नुसते सोडून देऊ नका. मोरीच्या तोंडाशी हातभर खोल खड्डा घ्या किंवा अर्धे कापलेले टिपाड बुडाला भोके पाडून ठेवा. तळाला मोठी खडी, त्यावर बारीक खडी, त्यावर वाळू आणि सगळ्यात वर मूठभर पाचट किंवा नारळाच्या शेंड्या. केस, तेलकटपणा, खरकटे त्या वरच्या थरात अडकते. तो थर पंधरा दिवसांनी काढून उकिरड्यात टाका आणि नवा घाला. तिथून चर काढून पाणी झाडाच्या आळ्यात न्या. आळे खोडाला चिकटून करू नका, फांद्यांच्या सावलीची कड जिथे पडते तिथे गोल चर असावा. रोज एकाच झाडाला पाणी नको. आज शेवग्याला, उद्या लिंबाला, परवा पपईला. चर मातीने अडवायला आणि उघडायला खोऱ्याचे दोन घाव लागतात.

धुण्याच्या पावडरीत क्षार असतात. एकाच जागी रोज ते पाणी पडले की माती घट्ट होते आणि वर पांढरा थर येतो. तो दिसला की त्या आळ्याला पाणी बंद करून कुजलेले शेणखत मिसळा आणि पावसाळ्यात वळचणीचे पाणी तिकडे वळवा, म्हणजे क्षार धुऊन खाली जातील. पावडरीच्या पहिल्या फेसाचे पाणी झाडांना देऊच नका, खळबळण्याचे द्या. आणि कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात असे जे कच्चे खातो, त्यावर मोरीचे पाणी कधीही नको. बाळाचे लंगोट धुतलेले पाणीही आळ्यात नको. मोरीचे पाणी साठवूनही ठेवायचे नाही, त्याच दिवशी संपवायचे. दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो.

आळ्यावर आच्छादन हवेच. कडब्याचा चुरा, तुरीचे भुस्कट, बारीक तोडलेल्या पऱ्हाट्या, काहीही चार बोटे जाड पसरा. पऱ्हाट्या बोंडअळी लागलेल्या शेतातल्या असतील तर त्या परसात आणू नका. वाळवी लागत असेल तर आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा. रानात आपण कोळप्याने माती मोकळी करून ओल झाकतो, इथे भुस्कटाने झाकायची. काम एकच आहे.

वेलभाज्यांना मडके लावा. कुंभाराकडून पाच-सात लिटरचे, भाजलेले पण रंग न दिलेले मडके आणा. ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. तोंड दोन बोटे वर राहू द्या आणि त्यावर चपटा दगड ठेवा. मडक्याच्या भोवती वीतभर अंतरावर दोडका, कारले, भोपळा यांचे तीन-चार बी टोका. मडके पाण्याने भरा. माती कोरडी झाली की पाणी आपोआप पाझरते, माती ओली असली की थांबते. वर ओल नाही म्हणून तणही फारसे येत नाही. तीन-चार दिवसांनी भरावे लागते. यात मोरीचे पाणी घालू नका, साबणाने आणि गाळाने मडक्याची छिद्रे बुजतात. भाजी धुतलेले, रांजणाच्या तळाचे, असे नितळ पाणी घाला. ही युक्ती चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी शेतीच्या ग्रंथात लिहून ठेवलेली आहे, आणि ती करायला कुठल्याही कंपनीचा डीलर लागत नाही. गावच्या कुंभाराची चार मडकी खपतात, हे वेगळेच.

बियाणे घरचे ठेवा. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. अकोल्याकडे पाऊस वेगळा, डोंगर वेगळा, तिथला वाल आपल्या चोपणावर तसाच येईल असे नाही. पण आपल्या आजीच्या गाडग्यात राखेत ठेवलेली घोसाळी आणि गवार आपल्या मातीची असतात. ती मोडली की पाकीट विकत आणावे लागते.

ज्यांच्याकडे परसाला जागाच नाही त्यांनी शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली आणि डास हटवले. खड्ड्यात संडासाचे पाणी सोडायचे नाही आणि पिण्याच्या विहिरीपासून, आडापासून, हापशापासून तो पन्नास फूट तरी लांब असावा.

हे काम कुणाचे?

आता भावांसाठी दोन शब्द, कारण इतका वेळ सगळे बहिणींकडे बघत होते. तट्ट्या बांधणे, पन्हाळ लावणे, खड्डा खोदणे, खडी आणणे, तोटीचा वायसर बदलणे ही सगळी पुरुषांची कामे समजा. बाईच्या दोन खेपा वाचवायला निघालो आणि तिच्याच माथी चर उघडायचे व मडकी भरायचे आणखी एक काम मारले, तर हिशेब जिथल्या तिथे. पाणी लांबून आणायचेच असेल तर बैलगाडीवर नाहीतर मोटारसायकलला कॅन बांधून आणा. मोटारसायकल चौकात जाते तशी हापशावरही जाते.

आपल्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यादेवींचे नाव मिळाले. त्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधणाऱ्या बाईचे नाव लावणाऱ्या जिल्ह्यात २०१९ च्या उन्हाळ्यात शेकडो टँकर फिरत होते. नाव बदलायला मंत्रालयाला जेवढी घाई होती तेवढी गावोगावचे जुने आड आणि बारवा उपसायला नाही. त्यातला गाळ काढून भोवतीची घाण हटवली तर पत्र्यावरचे उरलेले पाणी, खडी-वाळूतून गाळून, त्यांत सोडता येते. हे घराचे काम नाही, ग्रामपंचायतीचे आहे. ग्रामसभेत ठराव मांडून वित्त आयोगाच्या पैशातून ते करून घ्या.

शेवटी एक ठराव आपण इथे करायचा. प्रत्येक तालुक्यातून दहा घरांनी पंधरा दिवस हंड्याच्या खेपा लिहायच्या. आधी पंधरा दिवस जसे चालले आहे तसे, मग हौद झाकून, शिळे पाणी न ओतता, तीन पाट्या वापरून पुढचे पंधरा दिवस. हंड्याचे माप, पाण्याचे अंतर, खेपा, रांगेतला वेळ आणि पाणी कुणी आणले ते. एवढेच पाच रकाने. हे कागद पुढच्या बैठकीत एकत्र करून त्यावर आपल्या भागातल्या बाईच्या पाण्याची मजुरी काढू आणि ज्वारीच्या उत्पादन खर्चाच्या निवेदनाला जोडू. ते वाचून दाखवायला प्रत्येक तालुक्यातून एक बहीण व्यासपीठावर येईल, भाऊ खाली बसतील. छापलेले तक्ते मांडवाच्या दाराशी ठेवले आहेत. जाताना घेऊन जा, आणि घरी गेल्यावर आधी हंडा मापून घ्या.